'फाशीवाला न्यायाधीश' आयझॅक पार्कर : १६० जणांना मृत्युदंड सुनावणारा माणूस

३ सप्टेंबर १८७५. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातलं फोर्ट स्मिथ गाव. एकाच तख्तावर सहा जणांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. ते बघायला हजारोंची गर्दी लोटली होती. देशभरातल्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली आणि शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाला 'फाशीवाला' ही ओळख कायमची चिकटली.

हे न्यायाधीश म्हणजे आयझॅक पार्कर. तेव्हा त्यांचं वय होतं ३६.

पार्कर यांचा जन्म १८३८ मध्ये ओहायोत झाला. वकील झाल्यावर ते मिझुरीत गेले आणि तिथून दोनदा खासदार म्हणून निवडून आले. १८७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी त्यांना फोर्ट स्मिथच्या संघीय न्यायालयावर नेमलं.

कोर्ट आर्कान्सात, गुन्हे पलीकडे

या कोर्टाच्या हद्दीत शेजारचा 'इंडियन टेरिटरी'ही येत होता. आजच्या ओक्लाहोमा राज्याचा मोठा भाग म्हणजे हा प्रदेश. चेरोकी, चॉक्टॉ अशा मूळनिवासी जमातींची तिथे स्वतःची न्यायालयं होती, पण बाहेरून आलेल्या गोऱ्या-काळ्या गुन्हेगारांवर खटला चालवायचा अधिकार त्यांना नव्हता. त्यामुळे दरोडेखोर आणि खुनी तिथेच आसरा घ्यायचे.

त्यांना पकडून आणायचं काम डेप्युटी मार्शल करायचे. गुलामगिरीतून सुटलेले बास रीव्ज हे त्यातलंच एक गाजलेलं नाव. या कामात किमान ६५ डेप्युटी मारले गेले.

वरचं कोर्टच नव्हतं

पार्कर यांनी २१ वर्षांत १६० जणांना मृत्युदंड सुनावला. त्यातल्या ७९ जणांना प्रत्यक्ष फाशी झाली.

हा आकडा मोठा दिसतो, पण त्यामागे कायदाही होता. ज्यूरीने खून किंवा बलात्काराचा आरोपी दोषी ठरवला की संघीय कायद्यात एकच शिक्षा होती, मृत्युदंड. न्यायाधीशाला दुसरा पर्याय नव्हता. शिवाय पहिली १४ वर्षं आरोपीला अपील करायची सोयच नव्हती. राष्ट्राध्यक्षांकडे दयेचा अर्ज, एवढाच काय तो मार्ग.

१८८९ च्या कायद्याने मृत्युदंडाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येऊ लागलं, आणि पार्कर यांची दुसरी बाजू समोर आली. अपिलात गेलेले त्यांचे सुमारे दोन-तृतीयांश निकाल फिरले. ज्यूरीला सूचना देताना ते आरोपीच्या विरोधात झुकतात, असा मुख्य आक्षेप होता. आरोपी पळून गेला याला पुरावा म्हणून किती वजन द्यायचं, स्वसंरक्षणाचा हक्क कुठवर, अशा मुद्द्यांवर त्यांच्या सूचना चुकीच्या ठरल्या. पार्कर यांनीही जाहीरपणे सर्वोच्च न्यायालयावर टीका केली.

म्हणजे शिक्षा कायद्याने ठरवलेली असली, तरी आरोपीला दोषी ठरवण्याच्या वाटेवर पार्कर यांचा हात होताच. फोर्ट स्मिथमध्ये मात्र ते शाळा मंडळावर काम करणारे, मानाचे गृहस्थ होते.

शेवट

१ सप्टेंबर १८९६ ला इंडियन टेरिटरी त्यांच्या कोर्टाच्या हद्दीतून काढून घेण्यात आला. तेव्हा पार्कर अंथरुणाला खिळले होते. १७ नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं.

त्यानंतर दोन महिनेही उलटले नव्हते, तोच जानेवारी १८९७ मध्ये कायदा बदलला. दोषी ठरवतानाही फाशी टाळण्याचा अधिकार ज्यूरीला मिळाला. तोवर पार्कर यांनी शिक्षा सुनावलेले ७९ जण फोर्ट स्मिथच्या तख्तावर गेले होते.