होमी भाभा: अणुभट्टीच्या इंधनाची किल्ली कोणाच्या हातात?

ठाणे खाडीच्या तोंडाशी ट्रॉम्बे, आणि उत्तरेला बोईसर स्टेशनच्या पुढे समुद्रकाठी तारापूर. पालघर वेगळा जिल्हा होईपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, तारापूर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. दोन्हीकडच्या अणुभट्ट्यांमागे एकच माणूस होता: होमी जहांगीर भाभा. पण इंधनाबाबत त्यांनी दोन जागी दोन वेगळे निर्णय घेतले. अणुशक्ती परराष्ट्र धोरणात कशी वापरली जाते, हे त्या दोन निर्णयांतून नीट कळतं.

इंजिनिअरिंगमधून फिजिक्सकडे

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. घरच्यांचा बेत सरळ होता: केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग, मग टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात नोकरी. त्यांनी १९३० मध्ये इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण केलं आणि मग फिजिक्सला गेले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित त्यांनी मांडलं. त्याला आजही भाभा स्कॅटरिंग म्हणतात.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. आधी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काम केलं. मार्च १९४४ मध्ये टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली, आणि १९४५ मध्ये टीआयएफआर उभी राहिली. हिरोशिमावर बॉम्ब पडायच्या वर्षभर आधीच ते अणुशक्तीसाठी लागणारी माणसं घडवायच्या गोष्टी करत होते. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले.

ट्रॉम्बेचा निर्णय

आता थोडं तंत्रज्ञान. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये सहज फुटणारा युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतो. त्याचं प्रमाण वाढवण्याला समृद्धीकरण म्हणतात. ते तेव्हा मोजक्याच देशांना जमत होतं. दुसरा रस्ता म्हणजे जड पाणी वापरून नैसर्गिक युरेनियमवरच भट्टी चालवायची. त्यात उरलेल्या युरेनियम-२३८ चा काही भाग प्लुटोनियम होतो. प्लुटोनियम पुढच्या भट्ट्यांचं इंधन आहे, आणि बॉम्बचंही.

ट्रॉम्बेची पहिली भट्टी अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, ती ब्रिटनच्या इंधनावर. १९६० ची सायरस मात्र नैसर्गिक युरेनियमवर चालणारी होती. भट्टी कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचं, पण सुरुवातीच्या इंधनातला निम्मा भाग भाभांनी ट्रॉम्बेतच बनवून घेतला. शेजारी प्लुटोनियम वेगळं करायचा कारखानाही उभा केला. कॅनडाने शांततेसाठीच वापर करायचं वचन घेतलं होतं, पण कडक तपासणीची अट नव्हती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे नियम ठरत होते तेव्हाही, मोठ्या देशांनी फक्त इतरांवर पहारा ठेवावा याला भाभांनी जोरदार विरोध केला.

१६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने अणुचाचणी केली. आठवड्याभरात भाभा आकाशवाणीवर बोलले आणि ५० अणुबॉम्बचा खर्च १० कोटी रुपयांहून कमी सांगितला. हा हिशेब अमेरिकेत स्फोटांसाठी जाहीर झालेल्या दरांवरून केलेला होता. भट्ट्या, प्लुटोनियम कारखाना, बॉम्ब नेणारी विमानं हा खर्च त्यात नव्हता, म्हणजे आकडा दिशाभूल करणारा होता. पण दिल्लीतल्या चर्चेवर त्याचा परिणाम झाला. पंतप्रधान शास्त्रींनी बॉम्बला होकार दिला नाही, शांततापूर्ण अणुस्फोटाच्या अभ्यासाला मात्र वाट दिली.

तारापूरचा निर्णय

वीज लवकर हवी होती. म्हणून १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला: जनरल इलेक्ट्रिक तारापूरला दोन भट्ट्या बांधून देणार, समृद्ध युरेनियम अमेरिका पुरवणार, आणि तपासणी मान्य करायची. आपल्या सॉफ्टवेअरच्या भाषेत हे व्हेंडर लॉक-इन झालं. सर्व्हिस चालू, पण लायसन्स दुसऱ्याच्या हातात.

याचा हिशेब पुढे कसा झाला, ते बघायला भाभा राहिले नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नातल्या बैठकीला जाताना त्यांचं एअर इंडियाचं विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं आणि ११७ जण गेले. घातपाताच्या गोष्टी व्हॉट्सॲपवर फिरतात. चौकशीत मात्र विमानाचं नेमकं स्थान समजण्यातली चूक पुढे आली.

१८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट झाला, त्यातलं प्लुटोनियम सायरसचं होतं. कॅनडाने सहकार्य थांबवलं. अमेरिकेने १९७८ मध्ये नवा कायदा केला आणि तारापूरचं इंधन अडकायला लागलं. म्हणजे ट्रॉम्बेत जे केलं त्याचा दंड तारापूरला बसला. शेवटी १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यायचं ठरलं. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करायची की नाही, यावरूनही अमेरिकेशी वाद चालूच राहिला.

भाभांनी स्वतः बॉम्ब बनवला नाही. बनवायचा की नाही, हे दिल्लीला ठरवता येईल एवढी तांत्रिक तयारी त्यांनी करून ठेवली. ती तयारी हीच परराष्ट्र धोरणातली ताकद होती, आणि जिथे ती नव्हती तिथे ताकद समोरच्याकडे गेली. म्हणून पुढच्या वेळी अणुकराराची बातमी वाचाल, तेव्हा भट्टी किती मेगावॅटची हे नंतर बघा. आधी तीन गोष्टी शोधा: इंधन कोण देणार, तपासणी कोण करणार, आणि वापरलेलं इंधन कोणाच्या ताब्यात राहणार.