भरदार पोटऱ्यांमागचे दुखणे ओळखणारे डॉ. ड्युशेन

गिलोम ड्युशेन यांचा जन्म १८०६ मध्ये फ्रान्समधील बुलोन या बंदराच्या गावी, दर्यावर्दी घराण्यात झाला. गावी डॉक्टरकी करत असताना पत्नी बाळंतपणानंतर दगावली, मुलगा दुरावला. १८४२ मध्ये ते पॅरिसला आले. रुग्णालयात नेमणूक नव्हती. तरी विजेचे यंत्र घेऊन वॉर्डावॉर्डांतून फिरत ते एकेक स्नायू तपासत. १८६८ मध्ये त्यांनी १३ रुग्णांचा आजार मांडला. पोटऱ्या भरदार, पण पायांत बळ नाही. स्वतः बनवलेल्या सुईने स्नायूचा तुकडा काढून पाहिला, तर स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू वाढलेले. वयाबरोबर खरा स्नायू घटत जातो. उपचार नसतील तर साधारण बाराव्या वर्षापर्यंत मुलाचे चालणे थांबते. १८७५ मध्ये ड्युशेन वारले. आजाराला त्यांचेच नाव आहे.

मुळशीसारख्या तालमींच्या मुलखात भरलेल्या पोटरीचे कौतुक होते. पण तीन-चार वर्षांचा मुलगा मांड्यांवर हात टेकत उठत असेल, तर त्याला डॉक्टरांना दाखवा. रक्ताच्या सीपीके तपासणीने सुरुवात होते. आजार पुरता बरा होत नाही. मात्र वेळीच औषधे आणि फिजिओथेरपी मिळाल्यास मूल अधिक काळ चालते.