होरिकोशींच्या विमानाची टाकी

दुसऱ्या महायुद्धात जपानी आरमाराचे ‘झिरो’ हे लढाऊ विमान ज्यांनी आखले, ते जिरो होरिकोशी १९०३ साली गुन्मा प्रांतात जन्मले. टोकियो विद्यापीठात विमानविद्येचे शिक्षण घेऊन १९२७ साली ते मित्सुबिशीच्या नागोया येथील कारखान्यात रुजू झाले. विमानवाहू नौकेसाठी त्यांनी आखलेले पहिले यशस्वी लढाऊ विमान १९३५ साली उडाले.

१९३७ साली आरमाराने नव्या विमानासाठी ज्या अटी घातल्या, त्या पाहून नाकाजिमा या प्रतिस्पर्धी कंपनीने अंग काढून घेतले. ताशी ५०० किलोमीटर वेग, जुन्या विमानाची चपळाई, दोन २० मिलिमीटर तोफा, शिवाय तासन्‌तास हवेत राहण्याची क्षमता; आणि हे सारे हजार अश्वशक्तीही नसलेल्या इंजिनावर! वेग थोर की चपळाई, यावर आरमारी अधिकाऱ्यांत कडाक्याचा वाद झाला. वैमानिकाच्या जिवासाठी त्या अटींत एकही कलम नव्हते.

होरिकोशींनी वजनाचा हिशेब काटकसरी कोकणी गृहस्थासारखा मांडला. नवा हलका मिश्रधातू वापरला, सांगाड्याला जागोजाग भोके पाडली, चिलखत वगळले आणि पेट्रोलच्या टाक्या साध्या पत्र्याच्या ठेवल्या. अन्य देशांत तेव्हा रबराचे थर दिलेल्या टाक्या येऊ लागल्या होत्या. गोळी आरपार गेली तरी पेट्रोल लागताच आतले कच्चे रबर फुगते व भोक बुजते. पण अशी टाकी जड होते आणि तेवढ्याच जागेत पेट्रोलही कमी मावते. एक पदरात पाडायचे तर दुसऱ्यावर पाणी सोडावे लागते, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ. येथे पाणी सोडले गेले ते संरक्षणावर. मात्र ही निवड एकट्या होरिकोशींची नव्हे, गिऱ्हाईक असलेल्या आरमाराची होती.

आरंभी हा सौदा फायद्याचा भासला. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबोवरील हल्ल्यात झिरो विमाने होती. परंतु त्याच वर्षी ग्वाडलकनालची लढाई पेटली. राबौलच्या तळापासून ते बेट सुमारे १,००० किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी-मुंबई हवाई अंतराच्या चौपटीहून अधिक. आणि तितकेच परतायचे. झिरोच्या नव्या नमुन्यात मोठ्या इंजिनापायी धडातील टाकी लहान झाली होती, त्यामुळे त्याला तेथवर पोहोचणेच जमेना. मग पुढच्या नमुन्यात पंखांत बाहेरच्या बाजूस प्रत्येकी ४५ लिटरची टाकी वाढवली. टाकी बदलली ती अधिक पेट्रोलासाठी. ते पेटू नये म्हणून नव्हे. मलाया जिंकल्यावर रबराची वानवा नव्हती; वानवा होती ती अश्वशक्तीची. अमेरिकेचे वाइल्डकॅट बोजड खरे, पण गोळ्या खाऊन परतत असे. झिरो थोडक्या गोळ्यांनी पेट घेई.

जाड काच, पाठीमागचे चिलखत, टाक्यांसाठी अग्निशामक यंत्रणा, हे बहुतांशी १९४४ मध्ये आले. तोवर मुरलेले वैमानिक कामी आले होते. विमान कारखान्यात पुन्हा घडते. शेकडो तास उडालेला माणूस घडवण्यास वर्षे लागतात, आणि आरमाराच्या हिशेबवहीत त्याची किंमत कधी लिहिलीच गेली नाही. होरिकोशींनाही या दोषातून पूर्ण मुक्त करता येत नाही. हाती आलेल्या अटी त्यांनी फार कुशलतेने पुऱ्या केल्या.

युद्धानंतर ‘वायएस-११’ या जपानी प्रवासी विमानाच्या आखणीस त्यांनी हातभार लावला. ते १९६२ साली उडाले. पुढे त्यांनी टोकियो विद्यापीठात व संरक्षण प्रबोधिनीत अध्यापन केले. ११ जानेवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.