शेख दीन महंमद : लंडनमधील आद्य हिंदी उपाहारगृहाचे संस्थापक

लंडन शहराच्या बहुतेक सर्व भागांत आज हिंदी पद्धतीचे जेवण देणारी उपाहारगृहे आहेत. शिक्षणासाठी तिकडे गेलेले आपले विद्यार्थी पहिल्या काही दिवसांतच परवडणारे एखादे साधे ठिकाण हुडकून काढतात आणि घरच्या पत्रात त्याची वार्ता कळवितात. परंतु या व्यवसायाचा पाया त्या महानगरात ज्यांनी घातला, त्या गृहस्थांचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. त्यांचे चरित्र येथे संक्षेपाने देत आहे. त्यात यशाइतकेच अपयशासही स्थान आहे. म्हणूनच ते होतकरू तरुणांनी अवश्य वाचावे.

शेख दीन महंमद यांचा जन्म सन १७५९ मध्ये पाटणा येथे झाला. वडील कंपनी सरकारच्या बंगाल फौजेत नोकरीस होते. महंमद लहान असतानाच ते लढाईत कामी आले. पुढे अवघ्या दहा-अकरा वर्षांच्या वयात, आईचे मन दुखवून, हा मुलगा कप्तान गॉडफ्रे बेकर नावाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या आश्रयाने छावणीत दाखल झाला. स्वकष्टाने तो सुभेदारीपर्यंत चढला. बेकरसाहेबांनी नोकरी सोडून स्वदेशाचा मार्ग धरला, तेव्हा महंमदही त्यांच्यासमवेत निघाले आणि सन १७८४ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क या बंदरी उतरले.

तेथे त्यांनी इंग्रजी भाषेचा कसून अभ्यास केला. सन १७८६ मध्ये जेन डेली या आयरिश तरुणीशी त्यांचा विवाह झाला. सन १७९४ मध्ये त्यांनी आपले प्रवासवर्णन दोन भागांत प्रसिद्ध केले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक होय.

सन १८०७ च्या सुमारास ते सहकुटुंब लंडनला आले. पोर्टमन स्क्वेअर या श्रीमंत वस्तीत बेसिल कॉक्रेन नामक धनिकाचे वाफेच्या स्नानाचे गृह होते. तेथे त्यांस काम मिळाले. हिंदुस्थानात पैसा मिळवून परतलेले अनेक साहेब त्याच भागात राहत. त्यांच्या जिभेला आपल्या मसाल्यांची चटक लागलेली होती. लंडनमधील एका कॉफीगृहात सन १७७३ पासूनच करी मिळत असे. परंतु हिंदी मनुष्याने स्वतः चालविलेले, सर्वस्वी हिंदी थाटाचे उपाहारगृह अद्याप नव्हते. ही उणीव ओळखून महंमद यांनी सन १८१० मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ उघडले. वेताच्या खुर्च्या, भिंतींवर हिंदुस्थानातील देखावे, हुक्क्यासाठी निराळी खोली आणि उत्तम मसालेदार पदार्थ, असा तेथील थाट होता.

पदार्थांत काही न्यून नव्हते. चूक हिशेबात झाली. इतका सरंजाम उभारण्यास आणि चालविण्यास खर्च फार येई. ज्या साहेबांसाठी हे सारे मांडले, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी हिंदी आचारी होतेच. त्यांस बाहेर जाऊन जेवण्याची निकड नव्हती. उलट टेम्स नदीच्या गोद्यांवर दिवस कंठणाऱ्या हिंदी खलाशांस घासभर घरच्यासारख्या अन्नाची खरी गरज होती. पण त्यांच्या खिशास जॉर्ज स्ट्रीट परवडण्याजोगा नव्हता. जेवणाराची गरज आणि त्याची ऐपत, या दोहोंचा मेळ घालणे हे या धंद्याचे मर्म आहे. आपल्या मुंबईत गिरणगावातील खाणावळी चालविणाऱ्या बायांस ते पुस्तक न वाचता कळलेले होते. महंमद यांस मात्र ते नुकसान सोसून कळले. सन १८१२ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले.

त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. परका देश, पदरी मुलेबाळे आणि हाती काही नाही! एकेकाळचा हा सुभेदार आणि ग्रंथकार. परंतु त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन घरगड्याची नोकरी मागण्यात कमीपणा मानला नाही. सन १८१४ मध्ये ते समुद्रकाठच्या ब्रायटन गावी गेले आणि वाफेचे स्नान व अंगमर्दन यांचा उद्योग त्यांनी आरंभिला. ज्याला आपण चंपी म्हणतो तीच ही विद्या, आणि इंग्रजीतील शांपू हा शब्दही त्याच कुळातला. प्रथम लोकांनी शंका घेतली. पण गुण येऊ लागताच रुग्णांची रीघ लागली. स्त्रियांच्या विभागाची देखरेख जेनबाई करीत. पुढे चौथे जॉर्ज व चौथे विल्यम या दोन राजांच्या सेवेत त्यांची नेमणूक झाली. सन १८५१ मध्ये ब्रायटन येथेच त्यांचे देहावसान झाले. फ्रेडरिक अकबर महंमद हे त्यांचे नातू रक्तदाबाविषयीच्या संशोधनामुळे वैद्यकात नामांकित झाले.

त्यांचा मूळ संकल्प मात्र वाया गेला नाही. विसाव्या शतकात सिल्हेटकडील खलाशांनी बोटींवरून उतरून पूर्व लंडनमध्ये लहान लहान खाणावळी थाटल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्यापैकी कित्येकांनी मासे व तळलेले बटाटे विकणारी जुनी दुकाने घेतली, त्याच पदार्थांच्या जोडीस भात व करी ठेवली, आणि रात्री उशिरापर्यंत दारे उघडी ठेवली. दर कमी, थाट बेताचा. म्हणून मजूर, विद्यार्थी व सामान्य इंग्रजही तेथे येऊ लागले. जे काम श्रीमंती थाटास साधले नाही, ते या साध्या बाकांनी करून दाखविले.

सन २००५ मध्ये वेस्टमिन्स्टर नगरपालिकेने जॉर्ज स्ट्रीटवर त्या उपाहारगृहाच्या स्मरणार्थ एक फलक बसविला. ज्या धंद्यात दिवाळे निघाले त्याच धंद्यासाठी, मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी, हा मान त्यांस मिळाला. नवीन दुकान घालू पाहणाऱ्या आपल्या मुलांनी या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात. आपले गिऱ्हाईक कोण व त्याची ऐपत किती, हे दुकान उघडण्यापूर्वी पाहावे. आणि इतके करूनही ठेच लागलीच, तर पन्नाशीनंतरही नवा मार्ग धरण्याची लाज बाळगू नये.