बटण दाबण्यापुरताच कॅमेरा

कॉलेज फेस्टमध्ये फोटो काढणाऱ्या गँगमध्ये एक सीन ठरलेला असतो. डीएसएलआरवाला मॅन्युअल मोडवरून भाव खातो आणि दुसऱ्याच्या छोट्या कॅमेऱ्याला पॉइंट अँड शूट म्हणून हिणवतो. पण पॉइंट अँड शूट म्हणजे नेमकं काय? छोटा आकार? कमी किंमत? लेन्स बदलता न येणं? हे समजून घ्यायचं तर जॉर्ज ईस्टमनकडे जावं लागतं. फोटोग्राफीच्या कटकटीला हा माणूस जाम वैतागला होता.

जन्म १८५४ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. तो सात वर्षांचा असताना वडील गेले. रॉचेस्टरच्या घरात आईने भाडेकरू ठेवून संसार रेटला. जॉर्जने तेराव्या-चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि विमा कंपनीत आठवड्याला तीन डॉलरवर ऑफिसबॉय झाला. पुढे बँकेत कारकून.

१८७७ मध्ये त्याला सुट्टीत सांतो दोमिंगोला जायचं होतं. प्रवासाचे फोटो काढ, असं कुणीतरी सुचवलं. त्याने सामान घेतलं आणि हादरलाच. मोठा कॅमेरा, ट्रायपॉड, काचेच्या प्लेट्स, रसायनांच्या बाटल्या, वर काळोख करायला तंबू! काचेला रसायन लावायचं, ती ओली आहे तोवर फोटो काढायचा आणि लगेच डेव्हलप करायचा. हे शिकायलाच त्याने पाच डॉलर मोजले. ट्रिप झालीच नाही, पण कॅमेऱ्याने डोक्यात घर केलं.

मग दिवसा बँक आणि रात्री आईचं स्वयंपाकघर. ब्रिटिश मासिकांत वाचून तो जिलेटिनच्या कोरड्या प्लेट्स बनवायला लागला. कधी कधी तिथेच जमिनीवर झोपायचा. १८८१ मध्ये नोकरी सोडली. काचेऐवजी गुंडाळता येणारी फिल्म आणायचा ध्यास त्यानंतरचा.

१८८८ मध्ये त्याचा कोडॅक आला. के हे त्याचं आवडतं अक्षर, बाकी या नावाला काही अर्थ नाही. किंमत २५ डॉलर, म्हणजे स्वस्त अजिबात नाही. आत १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला. फोकस ठरलेला, शटरचा वेग ठरलेला. व्ह्यूफाइंडरसुद्धा नाही, डब्यावरच्या रेघा बघून नेम धरायचा. दोरी ओढा, बटण दाबा, किल्ली फिरवा, बस्स. रोल संपला की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायचा. दहा डॉलरमध्ये गोल गोल फोटो आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत.

माझ्या मते खरी गंमत इथे आहे. प्रत्येक फोटोमागचे निर्णय ईस्टमनने फोटो काढणाऱ्याच्या हातातून काढून कारखान्यात नेले. काम कमी झालं नाही, ते रॉचेस्टरचे कामगार करायला लागले. म्हणून छोटा असूनही सगळं हातानेच सेट करावं लागणारा कॅमेरा पॉइंट अँड शूट नाही. आणि मित्राचा डीएसएलआर ऑटोवर टाकला की तेवढ्यापुरता तो पॉइंट अँड शूटच! (सांगून बघा, चिडतो.)

१९०० मध्ये ब्राउनी आला, किंमत फक्त एक डॉलर. आता शाळेतली पोरंही फोटो काढू लागली.

ईस्टमन काही संत नव्हता. पारदर्शक फिल्मच्या पेटंटवरून हॅनिबल गुडविन या पाद्र्याशी सुरू झालेलं भांडण वर्षानुवर्षं चाललं. गुडविन वारल्यावर, १९१४ मध्ये, ईस्टमनच्या कंपनीला ५० लाख डॉलर मोजावे लागले. दुसरीकडे याच माणसाने एमआयटीला मिस्टर स्मिथ या खोट्या नावाने करोडो दिले. लग्न केलं नाही. आई १९०७ मध्ये गेली. शेवटी पाठीच्या कण्याच्या आजाराने चालणंही अवघड झालं आणि १९३२ मध्ये, ७७ व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली.

त्याचा एक फोटो मला फार आवडतो. १८९० मध्ये गॅलिया नावाच्या जहाजाच्या डेकवर तो उभा आहे, हातात कोडॅक. फोटो गोल आहे, म्हणजे कोडॅकवरच काढलेला. काढणारा फोटोग्राफर नव्हता, फ्रेड चर्च नावाचा वकील होता.