जॉन पोस्टेल: इंटरनेटच्या नंबरांचा हिशोब ठेवणारा माणूस

घरच्या वायफायवरच्या प्रिंटरचा पत्ता ॲपच्या कोडमध्ये थेट १९२.१६८.१.७ असा लिहून टाकू नका, असं मी नेहमी सांगतो. राउटर बंद करून चालू केला की हा पत्ता बदलू शकतो. असं का, हे कळायला जॉन पोस्टेल यांची ओळख करून घ्या.

पोस्टेल यांचा जन्म १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. १९६९ मध्ये इंटरनेटचा पूर्वज आर्पानेट सुरू झाला, तेव्हा ते त्याच्या पहिल्याच केंद्रावर, यूसीएलए विद्यापीठात, शिकत होते. कोणत्या कामाला कोणता नंबर दिला, याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी होती. ते काम त्यांनी घेतलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. पुढे याच कामाला आयाना हे नाव पडलं.

१९८१ मध्ये त्यांनी संपादित केलेला आरएफसी ७९१ आला. आयपीचा हा मूळ दस्तऐवज नाव, पत्ता आणि मार्ग यांत स्पष्ट फरक करतो. आपल्या कामाचं सगळं इथेच आहे बघा! प्रिंटरचं नाव तेच राहतं, पत्ता तात्पुरता असतो. अँड्रॉइडचा एनएसडीमॅनेजर याच फरकावर चालतो. डिस्कव्हरसर्व्हिसेस आधी नेटवर्कवरच्या सेवांची नावं शोधतं, मग रिझॉल्व्हसर्व्हिस त्या क्षणाचा आयपी आणि पोर्ट देतं. हे उत्तरही शिळं होऊ शकतं, म्हणून अँड्रॉइड १४ पासून रजिस्टरसर्व्हिसइन्फोकॉलबॅक वापरायला सांगतात. पत्ता बदलला की ते आपल्याला कळवतं.

घरातली ही शोधाशोध घरातच मिटते. बाहेरच्या वेबसाइटची नावं मात्र रूट सर्व्हरपासून शोधावी लागतात. जानेवारी १९९८ मध्ये पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हरच्या चालकांना ईमेल केला: मुख्य यादी आता माझ्या सर्व्हरवरून घ्या. आणि त्यांनी ती खरंच घेतली! अमेरिकी सरकार हादरलं, दबाव आला आणि सगळं पूर्ववत झालं. पोस्टेल यांनी ती चाचणी होती असं सांगितलं. मला ती नुसती चाचणी वाटत नाही. पण लोकांनी एका ईमेलवर ऐकलं, ते त्यांच्यावरच्या विश्वासामुळेच.

त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या ५५ व्या वर्षी ते गेले. आयानाचं काम नव्याने स्थापन झालेल्या आयकॅनकडे गेलं.