मार्लवाईचे दोन प्रेक्षक

दिवाळी जवळ आली की उटनूरच्या डोंगरपट्ट्यात ढोल वाजू लागतात. डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला मुकुट, अंगाला राख, खांद्यावरून हरणाचे कातडे आणि हातात काठी, अशा वेशातले गुसाडी आपला चमू घेऊन गावोगाव निघतात. चमूतले काही तरुण स्त्रीवेश घेतात. ज्या गावी हा चमू जातो तेथे पाहुणचार होतो, रात्रभर नाच चालतो, आणि या येण्याजाण्यातून पुढच्या सोयरिकीही जुळतात. राजगोंडांची ही दंडारी. आज तिची छायाचित्रे सर्वत्र दिसतात. सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी मात्र मार्लवाई या लहानशा गावी एक परदेशी जोडपे गवती छपराच्या घरात राहून ती पाहत होते. नवरा व्हिएन्नाचा, बायको इंग्रज. त्यांच्या हाती वह्या असत, सोबत कॅमेरा असे.

काही दांपत्ये क्रिकेटचे सामने जोडीने पाहतात. अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानावर एकाच बाकावर वर्षानुवर्षे शेजारी बसणारी जोडपी असतात. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आणि एलिझाबेथ उर्फ बेट्टी यांनी जवळपास अर्धशतक जोडीने माणसांचे जगणे पाहिले. नाच, जत्रा, लग्न, मर्तिक, देवाची पूजा, शेताचा बांध, पंचायतीतले भांडण, सारे काही. या पाहण्याचा मोठा आणि दोघांच्याही मनाजवळचा भाग तेव्हाच्या उटनूर तालुक्यात घडला.

हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ सालचा, व्हिएन्नातला. तेथील विद्यापीठात त्यांनी मानववंशशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे शिष्यवृत्तीवर ते लंडनला आले. तेथे मालिनोव्स्की यांच्या अभ्यासवर्गात त्यांना नवी दृष्टी मिळाली. ग्रंथालयात बसून दूरच्या लोकांविषयी लिहिण्यापेक्षा त्यांच्यात राहावे, त्यांची भाषा शिकावी, त्यांच्या रोजच्या व्यवहारात वावरावे, असा त्या वर्गाचा आग्रह होता. १९३६-३७ मध्ये ते ईशान्येकडील नागा टेकड्यांत राहिले आणि त्या अनुभवावरील पुस्तकाने त्यांना नाव मिळवून दिले. १९३८ मध्ये त्यांचा बेट्टी बार्नार्डो यांच्याशी विवाह झाला. पुढच्याच वर्षी दोघे भारतात आले आणि युद्ध पेटले.

ऑस्ट्रिया तेव्हा जर्मनीने गिळलेला होता. त्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्या खिशातला पासपोर्ट जर्मन राजवटीचा होता. इंग्रजांच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना ताब्यात घेण्याचे काम ओळखीच्याच अधिकाऱ्यांवर आले आणि त्यांनी ते मोठ्या संकोचाने पार पाडले. शिक्षा झाली ती हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची. एखाद्याला तुरुंगाऐवजी जंगल मिळावे, आणि ते जंगलच त्याच्या आयुष्याचे काम ठरावे, असे क्वचितच घडते. नल्लमलातील चेंचू, गोदावरीच्या खोऱ्यातील कोंडा रेड्डी आणि मग आदिलाबादचे राजगोंड अशा तीन जमातींचा अभ्यास त्यांनी या सक्तीच्या मुक्कामात केला. प्रत्येक ठिकाणी बेट्टी सोबत होत्या. रेड्डींवरील ग्रंथात त्यांच्या सहकार्याचा उल्लेख आहे. गोंडांवरील पुढच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर तर दोघांचीही नावे आहेत.

ते गोंडांकडे आले तो काळ शांत नव्हता. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले होते. जंगल राखीव झाले, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरून गोंडांना उठवण्यात आले, आणि ज्या काळ्या मातीला त्यांनी नांगर लावला तिचे पट्टे बाहेरून आलेल्यांच्या नावे झाले. कागदावर आपले नाव असावे लागते हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांची शेती कागदावरच गेली. हे घेणाऱ्यांत तेलुगू होते, उर्दू बोलणारे होते, आणि मराठी शेतकरी, जमीनदार व सावकारही होते. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांचा या जिल्ह्यातला इतिहास त्याच काळात सुरू होतो, एवढे येथे नोंदवून ठेवलेले बरे. भीमाच्या मृत्यूनंतर निजामाच्या सरकारला गोंडांविषयी जाणून घेण्याची निकड भासू लागली आणि योग्य माणूस संस्थानाच्या हद्दीत आधीच अडकून पडला होता.

मार्लवाईचे लच्छू पटेल यांनी या जोडप्याला आश्रय दिला. तेथे राहून दोघांनी गोंडांची समाजरचना समजून घेतली. सात, सहा, पाच आणि चार अशा सगे-गटांत विभागलेली कुळे, एका गटात लग्न न करण्याचा कडक नियम, पेरसापेन या कुलदेवतेची पूजा, आणि किकरीच्या सुरांवर कुळांच्या उत्पत्तीच्या कथा गाणारे परधान या साऱ्यांच्या नोंदी होऊ लागल्या. परधान गाऊ लागले की रात्र सरून जाई. या कथांतून देव आणि माणसे डोंगरांतून बाहेर पडतात, वाट चुकतात, वाटण्या करतात. गोंडांची सारी नाती-गोती त्या कथांवर उभी आहेत, हे ओळखून हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरील आपल्या १९४८ च्या ग्रंथात पुराणकथा आणि विधी यांनाच मध्यभागी ठेवले.

दोघांनी मिळून पाहण्याचा एक व्यावहारिक अर्थही आहे. गोंडांच्या गावात पुरुषांचे जग आणि बायकांचे जग बरेचसे वेगळे असते. एकट्या परक्या पुरुषाला ओसरीच्या पलीकडले फार थोडे दिसते. सोबत बायको असलेला माणूस गावाच्या दृष्टीने संसारी ठरतो, आणि त्याच्याविषयीची धास्ती निम्म्याने उतरते. मानववंशशास्त्राच्या इतिहासात संशोधकांच्या पत्नींची नावे बहुधा ऋणनिर्देशात संपतात. बेट्टींचे तसे झाले नाही. दक्षिण आशियाविषयीच्या मानवशास्त्रीय लेखनाची प्रचंड सूची त्यांनी स्वतः तयार केली आणि ती अनेक वर्षे अभ्यासकांच्या टेबलावर राहिली. तरीही सर्वत्र बोलबाला झाला तो पतीचाच, हे खरे.

केवळ पाहत राहणे या जोडप्याला जमले नाही, आणि उटनूर परिसर त्यांना विसरलेला नाही तो यामुळे. हायमेनडॉर्फ यांनी सरकारला अहवाल दिले. सुदैवाने महसूल खात्याची सूत्रे ग्रिगसन यांच्याकडे होती. त्यांनी स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिला होता, त्यामुळे त्यांना गोंडांविषयी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९४३ मध्ये मार्लवाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. मुलांना पहिले धडे गोंडीतून द्यायचे ठरले, आणि त्यासाठी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. त्या भागातील गोंडांना दुसरी भाषा म्हणून मराठीच जवळची असल्याने हा निर्णय स्वाभाविक होता. शिवकालाचे अभ्यासक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी हे त्या काळी हैदराबादच्या सेवेतील अधिकारी. त्यांनीही गोंडी आत्मसात केली आणि आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. मराठी माणसाचा या कथेतला भाग केवळ जमीन घेणाऱ्याचा नाही, हेही म्हणून सांगायला हवे.

जमिनीचे काम त्याहून मोठे होते. विशेष नियमांखाली आदिलाबाद जिल्ह्यात अकरा हजारांवर आदिवासी कुटुंबांना सुमारे १,६०,००० एकर जमिनीचे पट्टे मिळाले. फसली १३५६ मध्ये आदिवासी क्षेत्रांच्या संरक्षणाचा कायदाही झाला. केसलापूरला मेसराम कुळाच्या नागोबाची जत्रा पौष अमावास्येला भरते. त्या जत्रेत अधिकाऱ्यांनी जातीने बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत, ही दरबाराची प्रथाही हायमेनडॉर्फ यांच्याच पुढाकाराने सुरू झाली आणि ती आजही पाळली जाते.

निजामाच्या पगारावर असलेल्या गोऱ्या सल्लागाराने आदिवासींचे हित पाहिले, या म्हणण्याकडे काही अभ्यासक संशयाने पाहतात. भीमाला गोळ्या घालणाऱ्या सरकारनेच पुढे हे काम करवून घेतले, म्हणजे बंडाची धार बोथट करण्याचाच हा उपाय नव्हता काय, हा प्रश्न रास्त आहे. सरकारचा हेतू तसा असेलही. परंतु ज्याच्या हाती पट्टा आला त्याच्या नातवाकडे आज शेत आहे, आणि ज्याला तो मिळाला नाही त्याच्या नातवाचे काय झाले हे उटनूरच्या कोणत्याही बाजारात दिसते. भीमाच्या रक्ताशिवाय हे पट्टे निघाले नसते, आणि मार्लवाईच्या त्या वह्यांशिवाय ते कोणाला द्यायचे हे सरकारला कळले नसते. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

मध्यंतरी १९४४-४५ मध्ये दोघे सुबनसिरीच्या खोऱ्यात आपातानींमध्ये राहून आले. १९४९ नंतर हायमेनडॉर्फ लंडनला प्राध्यापक झाले, तेथे त्यांनी मानववंशशास्त्राचा विभाग उभा केला, आणि नेपाळची दारे उघडताच दोघे शेर्पांच्या गावांत पोहोचले. ही वर्षे कीर्तीची होती; त्यांच्याविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे.

१९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते पुन्हा आदिलाबादकडे वळले. तरुणपणी पाहिलेले गाव म्हातारपणी पुन्हा पाहावे आणि त्याला ओळखताच येऊ नये, असे त्यांचे झाले. राज्यपुनर्रचनेत जिल्ह्याचे तुकडे झाले होते. किनवट आणि राजुरा महाराष्ट्रात गेले, उरलेला भाग आंध्रात राहिला. गोंडी शाळांचा प्रयोग टिकला नव्हता. रस्ते आले आणि रस्त्यांवरून नवे वसाहतकरी आले. ज्या जमिनींचे पट्टे १९४० च्या दशकात मिळाले होते त्यांतील कित्येक पुन्हा हातच्या गेल्या होत्या. १९७९ मध्ये दोघांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या आंध्रातील गोंडांवरील ग्रंथात परंपरेइतकीच जागा या बदलाला आहे. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मागणी जमिनीचीच होती. पुढच्या वर्षी आलेल्या, भारतातील आदिवासींच्या अस्तित्वाच्या झगड्यावरील हायमेनडॉर्फ यांच्या पुस्तकात नेहमीचा संयम सुटलेला जाणवतो. चाळीस वर्षे डोळ्यांसमोर असलेले काही नाहीसे होताना पाहणाऱ्याचे ते लेखन आहे.

जानेवारी १९८७ मध्ये हैदराबादेत बेट्टींचे निधन झाले. त्यांना मार्लवाईत आणून गोंडांच्या मातीत ठेवण्यात आले. हायमेनडॉर्फ त्यानंतर आठ वर्षे जगले. १९९५ मध्ये लंडनमध्ये त्यांचा अंत झाला, आणि पुढे त्यांच्या पुत्राने त्यांच्या अस्थी मार्लवाईला आणून बेट्टींच्या शेजारी ठेवल्या. मार्लवाई आता जैनूर मंडलात आणि आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. दरवर्षी जानेवारीत बेट्टींच्या पुण्यतिथीला तेथे गोंड मंडळी जमतात. याच गावचे गुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरात, दिवाळी तोंडावर आली असताना, तेही गेले.